संग्रहालय पाहावे कसे?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे मजुरी, महागाई आणि मोर्चा या तीन विषयांची तयारी ठेवूनच मंडळी बसतात. आज मी त्यांपैकी एकही विषय घेतलेला नाही. आज मला संग्रहालयाविषयी बोलावयाचे आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही, चित्रकलेचाही नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयात व मजुरांच्या सभांत झाले. परंतु युनियनच्या कामासाठी नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरी वारंवार जावे लागले, आणि सभा संध्याकाळी असली म्हणजे दुपारचा वेळ तेथील संग्रहालयात घालवण्याची सवय मला जडली. त्या सवयीतून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या भागातून नागपूरला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. दवाखाना, कोर्ट, मुलाचा कॉलेजातील प्रवेश, सोयरीक अशा कोणत्या ना कोणत्या कामाने आपण वडसा, ब्रम्हपुरी, नागभीड, उमरेड करीत नागपूर गाठतो. काम लवकर उरकले आणि परतीच्या गाडीला अवकाश असला, म्हणजे बरोबरच्या पोराला घेऊन माणूस अजबबंगला पाहून येतो. एका दालनातून शिरून दुसऱ्यातून बाहेर, असे करीत अर्ध्या तासात सारा बंगला पाहून होतो. घरी आल्यावर काय पाहिले म्हणून विचारावे, तर 'पेंढा भरलेली जनावरे होती, तलवारी होत्या, जुने दगड होते' एवढेच सांगता येते. यात त्या माणसाचा दोष नाही. संग्रहालय कसे पाहावे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय 'अजबबंगला' हे नावच असे, की अजब काही दिसले की पैसे वसूल झाले असे वाटावे!

माझी रीत साधी आहे. वस्तूसमोर उभे राहावे आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. ही कोणी केली? हिचे पैसे कोणी दिले? आणि ही येथे कशी आली? हे प्रश्न मी पुस्तकातून घेतलेले नाहीत, तेंदूच्या फळीवरून घेतले आहेत. हंगामात फळीवर सत्तर पानांचा पुडा येतो. नवख्या माणसाला ती नुसती पाने दिसतात. पण पान कोणत्या बाईने पहाटे उठून तोडले, पुडा कोणी बांधला, दर कोणी ठरवला आणि गोणी भरून माल कोठे गेला, हे ज्याला विचारता आले त्याला त्या धंद्याचे सारे मर्म कळते. काचेच्या कपाटातील वस्तूही अशीच असते. प्रश्न विचारला नाही तर ती गप्प राहते.

प्रथम अजबबंगल्याचीच हकीकत सांगतो. नागपूरचे हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. मध्यप्रांत हा नवा प्रांत १८६१ मध्ये बनला होता आणि सर रिचर्ड टेंपल हे त्याचे चीफ कमिशनर होते. त्यांच्या पुढाकाराने हे संग्रहालय निघाले. त्यामागे आणखी एका माणसाचे श्रम होते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचे काम. परंतु दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या चालीरीती यांचा त्यांना मोठा नाद. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन अश्मवर्तुळे पाहून परत येताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. त्यांनी जमवलेल्या टिपणांचे पुस्तक टेंपलसाहेबांनी १८६६ मध्ये छापले. त्यात गोंडांच्या लिंगोची दीर्घ गाथा आहे. ही गाथा हिस्लॉप यांनी रचलेली नव्हे. एका परधानाने ती तोंडाने सांगितली आणि ती उतरवून घेतली गेली. संग्राहकाचे नाव कॉलेजला मिळाले, ते योग्यच झाले. पण पिढ्यान्पिढ्या ती गाथा मुखाने जपणाऱ्या परधानांचे स्मरण कोणी करायचे? आपला पहिला प्रश्न येथूनच सुरू होतो.

ही कोणी केली?

विदर्भात अश्मवर्तुळे पुष्कळ आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथे तर ती शेकड्यांनी आहेत. मोठमोठे दगड गोल मांडलेले आणि त्यांच्या पोटात पुरलेल्या माणसांबरोबर ठेवलेली भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्यांचे तांब्याचे साज. ही माणसे अडीच हजार वर्षांहूनही आधीची. संग्रहालयात गंजलेली कुऱ्हाड पाहून आपण पुढे सरकतो, कारण कुऱ्हाड आपल्या घरीही असते. परंतु नेमके तेथेच थांबावे. १९७८ ते १९८० या काळात नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विटांची भट्टी, वारा घालण्याच्या मातीच्या नळ्या आणि गाळून उरलेला मळ, असा सारा पसारा. म्हणजे ही कुऱ्हाड आकाशातून पडली नाही. कोणी दगड खणला, कोणी कोळसा पाडला, कोणी भाता ओढला, आणि कोणी घण घातला. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्याला यातले काही दिसणार नाही. आपल्या गावच्या लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे त्याला मात्र ती गंजलेली कुऱ्हाड सारे सांगून जाते.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचे वेड लागले आणि त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षे तेच केले. राजा हा त्यांचा लहानपणीच वारलेला मुलगा. त्याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि वीस हजारांच्या घरात गेलेला हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे काय आहे? दिवे, समया, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, कुलपे, वज्री, शेवयांचे साचे, वाद्ये, दारांच्या चौकटी! सोन्याचांदीच्या राशी पाहावयास गेलेला माणूस निराश होईल. पण स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली बाई तेथे गेली तर तिला घरी आल्यासारखे वाटेल. एकट्या अडकित्त्यांकडेच पाहा. सुपारी फोडावयास दोन पाती आणि एक खिळ पुरे. तरीही कोणी त्याला मोराचा आकार दिला, कोणी घोड्याचा, कोणी बाहुलीचा. धन्याने तेवढी मागणी केली असेल वा नसेल. हाताला आपल्या कामाचा अभिमान होता म्हणून ते झाले. केळकरांनी हे जमवले नसते तर त्यातले बहुतेक सारे मोडीच्या भावाने भट्टीत गेले असते.

मात्र एक उणीव राहतेच. अडकित्ता कोणत्या गावचा हे सांगता येते, कोणत्या काळचा हे सांगता येते, पण तो कोणत्या कारागिराचा हे बहुधा सांगता येत नाही. कासार, तांबट, लोहार, सुतार यांनी आपल्या मालावर नाव घातले नाही, आणि घेणाऱ्यानेही ते विचारले नाही.

याच ठिकाणी थोडे दूर, हॉलंड देशापर्यंत जाऊ. त्या देशाच्या ॲमस्टरडॅम शहरात राइक्सम्युझियम नावाचे जगप्रसिद्ध संग्रहालय आहे. राइक्सम्युझियम म्हणजे राष्ट्राचे संग्रहालय. मी तेथे गेलेलो नाही आणि जाण्याचा योगही दिसत नाही. पण या संग्रहालयाने आपल्या लक्षावधी वस्तूंची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांना फुकट खुली केली आहेत. आमच्या युनियनच्या एका तरुण कार्यकर्त्याने मोबाइलवर ती मला दाखवली, आणि कुरखेड्यात बसून ॲमस्टरडॅमचे दालन पाहता आले. त्यात एक चित्र आहे, योहानेस व्हर्मीर या चित्रकाराने सुमारे १६६० मध्ये काढलेले. चित्र हात-दीड हातही नाही. उंची साडेपंचेचाळीस सेंटिमीटर, रुंदी एकेचाळीस. त्यात एक धट्टीकट्टी मोलकरीण मातीच्या भांड्यातून दूध ओतीत आहे. खिडकीतून उजेड येतो आहे, टेबलावर पाव आहेत, भिंतीत एक खिळा आहे. बाकी काही नाही. कोणी राणी नाही, देवता नाही, लढाई नाही. तरी त्या बाईचे सारे लक्ष दुधाच्या धारेकडे असे लागले आहे की पाहणाऱ्यालाही हलवत नाही. तिच्या वस्त्राला जो निळा रंग आहे तो अफगाणिस्तानातील बदक्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा; त्या काळचा अत्यंत महाग रंग. एवढा महाग रंग व्हर्मीरने मोलकरणीसाठी वापरला! चित्रकाराचे नाव आज जगाला ठाऊक आहे. त्या मोलकरणीचे नाव मात्र कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे कारागिराचे नाव तेथे राहिले, राबणाऱ्या बाईचे तेथेही राहिले नाही.

पैसे कोणी दिले?

आता कोणी म्हणेल, हॉलंडच्या चित्रकाराला मोलकरीण का सुचली आणि आपल्या शिल्पकाराला देवदेवताच का सुचल्या? याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याकडे मंदिरे बांधावयास राजा किंवा धनिक पैसे देई. मार्कंड्याची मंदिरे अशीच उभी राहिली असणार. इटलीत चर्च आणि सरदार पैसे देत. सतराव्या शतकातील हॉलंडमध्ये स्थिती निराळी होती. नव्या पंथाच्या चर्चला चित्रे नको होती, आणि तेथील सत्ता राजापेक्षा शहरातील व्यापाऱ्यांच्या हाती होती. त्यामुळे चित्र विकत घेणारा गिऱ्हाईक म्हणजे शहरातील गृहस्थ. त्याला आपल्या घराच्या भिंतीवर आपल्यासारखेच जग हवे होते: अंगण, बाजार, थंडीत गोठलेला कालवा, ताटातले मासे, पत्र वाचणारी बाई. जो पैसे देतो त्याच्या इच्छेचा ठसा कलेवर पडतो, हे येथे स्पष्ट दिसते.

त्याच संग्रहालयातील सर्वांत नावाजलेले चित्र रेम्ब्रांटचे आहे. ते १६४२ साली पूर्ण झाले. लोक त्याला 'रात्रीचा पहारा' म्हणतात. पण ते नाव मागाहून पडले, आणि तेही वरचे रोगण काळवंडल्यामुळे. ते चित्र रात्रीचे नाहीच. चित्र अवाढव्य आहे. उंची पावणेचार मीटरांहून थोडी जास्त आणि रुंदी साडेचार मीटर. शहराच्या रक्षणासाठी नागरिकांनी उभारलेल्या बंदूकधारी पथकाचे ते चित्र. आता मजा पाहा. हे चित्र राजाने काढवून घेतले नाही. पथकातल्या माणसांनी वर्गणी काढून काढवून घेतले! प्रत्येकाने सुमारे शंभर गिल्डर दिले, चित्रात ठळक जागा हवी असेल त्याने जास्त आणि मागे उभे राहणाराने कमी. चित्रातल्या कमानीवर एक ढाल आहे, तिच्यावर अठरा नावे आहेत. मात्र चित्रात माणसे चौतीस! बाकीची चित्रकाराने रंग भरण्यासाठी घातली. एक ढोलवाला आहे. तो भाड्याने आणलेला असल्यामुळे त्याच्याकडून वर्गणी घेतली नाही, अशी हकीकत आहे. वर्गणीदारांच्या चित्रात रोजंदारीच्या माणसालाही जागा मिळाली, ही गोष्ट आम्हां युनियनवाल्यांना गोड वाटणारच.

पुढे १७१५ मध्ये हे चित्र नगरभवनात हलवताना भिंतीवर मावेना, म्हणून चारी बाजूंनी कापले गेले. कापलेले तुकडे पुन्हा सापडले नाहीत. एका जुन्या लहान नकलेवरून ते भाग कसे असतील याची प्रतिकृती तयार करून २०२१ मध्ये काही काळ मूळ चित्राभोवती लावली होती. २०१९ पासून या चित्राची तपासणी आणि दुरुस्ती भर दालनात, काचेच्या खोलीत, लोकांच्या डोळ्यांदेखत चालली. जनतेची वस्तू आहे, तर तिची दुरुस्तीही जनतेला दिसली पाहिजे, हा त्यातील विचार मला मोलाचा वाटतो.

वर्गणीची गोष्ट येथेच संपत नाही. व्हर्मीरची ती मोलकरीण १९०८ साली राष्ट्राच्या मालकीची झाली. एका जुन्या घराण्याच्या संग्रहातील एकोणचाळीस चित्रे विकली जात होती, आणि ती अमेरिकेतील धनिकांच्या हाती जातील अशी भीती होती. वर्तमानपत्रांत वाद झाला, पार्लमेंटात चर्चा झाली, आणि शेवटी सरकारने पैसे दिले. त्यात कला वाचवण्यासाठी १८८३ मध्ये नागरिकांनी स्थापन केलेल्या, रेम्ब्रांटचे नाव घेतलेल्या एका मंडळाची भर पडली. आपल्याकडेही लोकांचा हात दिसतो. मुंबईच्या संग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली, ती शहरातील नागरिकांच्या समितीच्या खटपटीतून. इमारत पुरी झाली तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते, म्हणून आधी तेथे लष्करी दवाखाना राहिला आणि १९२२ मध्ये संग्रहालय उघडले. आज त्याचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. टाटा बंधूंचे संग्रह तेथे आहेत आणि त्यांत युरोपातील चित्रेही आहेत.

परंतु पैशाची गोष्ट निघाली म्हणजे ती पुरती सांगितली पाहिजे. हॉलंडच्या शहरांत एवढा पैसा आला कोठून? त्यातला मोठा भाग समुद्रापलीकडच्या व्यापारातून आला. डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली निघाली. मिरी, लवंग, जायफळ, कापड यांच्या मागे ती आशियाभर पसरली. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यास तिने १६३७ मध्ये ठाणे मांडले; तेथील डच वखारीचे भग्नावशेष आजही आहेत. जावा-सुमात्रा बेटांत तिने राज्य केले, आणि डच जहाजांतून गुलाम म्हणून माणसेही विकली गेली. राइक्सम्युझियमने २०२१ मध्ये गुलामगिरीवरच एक मोठे प्रदर्शन भरवले आणि दहा माणसांच्या जीवनकथांमधून तो इतिहास मांडला. आपल्या वैभवाचा जमाखर्च स्वतःच्याच भिंतीवर टांगावयास धैर्य लागते. ते त्यांनी दाखवले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

येथे कशी आली?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. कपाटातील वस्तूला पाय नसतात. तिला कोणीतरी आणलेले असते. विकत आणलेली, भेट मिळालेली, उकरून काढलेली, की लुटून आणलेली?

आपल्याच बाजूचे उदाहरण घेतो. बालाघाट जिल्हा पूर्वी आपल्याच मध्यप्रांतात होता. तेथील गुंगेरिया गावाजवळ १८७० साली गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून काही धातूचे वर आलेले दिसले. उकरून पाहिले तो तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. भारतात सापडलेल्या तांब्याच्या प्राचीन साठ्यांत हा फार मोठा साठा समजला जातो. त्यातल्या काही वस्तू नागपूरच्या संग्रहालयात आल्या आणि काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. जुनापाणीच्या अश्मवर्तुळांतील वस्तूंचीही अशीच वाटणी झाली. सापडल्या गुराख्यांना, पण त्या कोठे राहाव्यात हे ठरवले साहेबांनी. त्या काळचे राज्यच तसे होते.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. कँडीच्या राजाकडे सोने, चांदी आणि माणके जडवलेली एक नक्षीदार तोफ होती. १७६५ मध्ये डच सैन्याने कँडीवर स्वारी केली तेव्हा ती लुटली गेली, आणि पुढे शतकानुशतके ती हॉलंडमध्ये, राइक्सम्युझियमच्या संग्रहात राहिली. २०२३ साली डच सरकारने ती श्रीलंकेला परत केली. त्याच वेळी इंडोनेशियाच्याही शेकडो वस्तू परत केल्या. अडीचशे वर्षांनी का होईना, तिसरा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर द्यावे लागले.

वस्तू नेहमी लुटीनेच जातात असे मात्र नव्हे. तो रेम्ब्रांट आयुष्यात कधी आपल्या देशाबाहेर गेला नाही. तरी मोगल दरबारची लघुचित्रे व्यापाराच्या वाटेने ॲमस्टरडॅमला पोचली होती. ती त्याच्या नजरेस पडली, आणि उतारवयाकडे झुकलेल्या त्या थोर चित्रकाराने शाहजहान, जहांगीर, सरदार, घोडेस्वार अशी चित्रे पौर्वात्य कागदावर काळजीपूर्वक उतरवून घेतली. त्यांतली सुमारे तेवीस आज शिल्लक आहेत. ज्या चित्रकाराने पथकाचे एवढे थोरले चित्र काढले, तो आपल्याकडच्या अनामिक चित्रकारापुढे विद्यार्थ्यासारखा बसला. कला अशीही देशोदेशी फिरते.

आता हे सारे आपल्या कामाचे काय? दोन गोष्टी व्यवहाराच्या सांगतो. तळे, विहीर, बंधारा, रस्ता यांचे खोदकाम कोण करतो? रोजगार हमीवरचा मजूर. म्हणजे जमिनीतली जुनी वस्तू प्रथम दिसते ती त्याच्याच कुदळीला. १८७८ चा निखातनिधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेले मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे, आणि सापडवणाऱ्याच्या हक्काचीही त्यात तरतूद आहे. तेव्हा नाणी सापडली तर ती सोनाराकडे आटवू नयेत, आणि घाबरून पुन्हा पुरूही नयेत. दुसरा कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही. कोणी गाडी घेऊन गावात आला आणि घरातली देवाची जुनी पितळी मूर्ती, कोरीव खांब वा वाद्य नव्या स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात मागू लागला, तर तो उपकार करीत नाही हे ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट अधिक मोठी आहे. आपल्या झाडीपट्टीत बुरडाच्या हातची सुपे, टोपल्या आणि धान ठेवण्याच्या ढोल्या आहेत. ढिवरांची जाळी आहेत. गोंड-माडियांचे ढोल आणि लाकडी कोरीवकाम आहे. दंडारीचे साज आहेत. प्लास्टिकचा टब स्वस्त मिळतो म्हणून टोपली जाते; टोपली गेली की ती विणणारे बोटही जाते. बोट एकदा गेले की ते कोणत्याही कायद्याने परत मिळत नाही. अजबबंगल्यात आदिवासी जीवनाचे दालन आहे आणि ते पाहण्याजोगे आहे. परंतु आपल्या घरातली वस्तू नागपूरच्या काचेआड पाहून आपल्या मुलाला ती प्रथमच ठाऊक व्हावी, ही स्थिती काही अभिमानाची नव्हे.

मी एका टोपलीवाल्या म्हाताऱ्याला विचारले होते की ही वीण तुम्ही कोणाकडून शिकलात. तो म्हणाला, "बापाकडून, बापू. अन् बाप त्याच्या मामाकडून. पण हे कोणी आजवर विचारलं नाही जी." त्याच्या टोपलीला त्या वर्षी बाजारात भाव नव्हता, हे त्याचे दुःख होतेच. पण कोणी विचारले नाही, हे त्याने आधी सांगितले.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या वाचनालयात किंवा एखाद्या शाळेत एक खोली मिळाली तर उत्तम. ती मिळेपर्यंत एक जाडशी वही पुरेल. तालुक्यातील जुन्या वस्तू घरोघर पाहून त्यांची नोंद करावी. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहू द्यावी. नोंदीत वस्तूचे स्थानिक नाव, गोंडीत म्हणतात ते नाव, कशासाठी वापरतात, कशाची केली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी केली, हे लिहावे. करणारा हयात असेल तर त्याचे नाव, गाव आणि तो कोणाकडून शिकला तेही लिहावे. मुलांना हे काम दिले तर ती आनंदाने करतील. शाळेच्या एका उन्हाळी सुट्टीत अर्धा तालुका होईल. मोठमोठ्या संग्रहालयांना शेकडो वर्षे जे साधले नाही, ते, म्हणजे कारागिराचे नाव, आपल्याला पहिल्याच पानावर लिहिता येईल.

आणि पुढच्या वेळी नागपूरला गेलात, तर सारा अजबबंगला पाहण्याच्या भानगडीत पडू नका. घाईने दोनशे वस्तू पाहण्यापेक्षा पाचच पाहाव्यात. मुलाला एकेका वस्तूसमोर उभे करावे, आणि आपण उत्तर सांगण्याआधी त्यालाच विचारावे, हे कशाने केले असेल? किती दिवस लागले असतील? मुले अशी उत्तरे देतात की आपण थक्क व्हावे.

ॲमस्टरडॅमच्या त्या संग्रहालयाच्या इमारतीतून एक रस्ता आरपार जातो. १८८५ साली ती इमारत बांधली तेव्हापासूनच तो आहे. २००३ ते २०१३ अशी दहा वर्षे दुरुस्ती चालली, तेव्हा नव्या आराखड्यात प्रवेशद्वारासाठी तो रस्ता अडेल असे दिसू लागले. तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने विरोध केला, नागरिक पाठीशी उभे राहिले, आणि आराखडा बदलावा लागला. आज एका अंगाला जगातील थोर चित्रे आणि मधून कामावर जाणाऱ्या माणसांच्या सायकली, असे तेथे चालते. आपल्या गावी खोली होईल तेव्हा तीही अशीच असावी: बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला सहज आत शिरता येईल, आणि भिंतीवर आपल्या बापाचे नाव वाचता येईल, अशी.